बिनचुंबकाची दुसरी बाटली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चुंबकावर ठेवलेलं पाणी "भारित" होऊन मुतखड्यापासून रक्तदाबापर्यंत गुण देतं असं सांगणारा, गेल्या रविवारच्या पुरवणीतला चुंबकीय पाण्यावरचा लेख मी वाचला आणि पुरवणी बाजूला ठेवून दिली. सोमवारी सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, लेख वाचलास का? आम्ही दोन महिने हेच करतोय. बाटलीच्या खाली एक चुंबक, वर एक, रात्रभर. यांच्या मुतखड्याला चांगला गुण आलाय." मी ऐकत होते. मग तिनं विचारलं, "आता गोळ्या बंद केल्या तर चालतील ना?" या प्रश्नामुळे मी हे पत्र लिहायला बसले आहे.

मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून मी एकोणतीस वर्षं काम केलं. उपकरणं मांडायची, काचेच्या नळ्या धुवायच्या, मुलांचं रीडिंग का चुकतंय ते शोधून द्यायचं, असं माझं काम होतं. या सगळ्या वर्षांत पाणी आणि चुंबक शेजारी शेजारी ठेवण्याचं काम माझ्याकडे दर सत्रात यायचं. म्हणून या विषयावर हाताने पाहिलेलं काही सांगू शकेन असं वाटतं.

शेवटच्या वर्षाच्या मुलांना क्विन्केच्या नळीचा प्रयोग असायचा. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिची एक बाजू रुंद आणि दुसरी अगदी बारीक. बारीक बाजू मोठ्या इलेक्ट्रोमॅग्नेटच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाच्या, दोन ध्रुवांमधल्या फटीत उभी करायची आणि द्रवाची पातळी बरोबर फटीच्या मधोमध आणायची. समोर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप, म्हणजे मोजपट्टीवर सरकवता येणारा सूक्ष्मदर्शक, लावून त्याची आडवी क्रॉसवायर द्रवाच्या वक्र कडेला टेकवायची आणि करंट सुरू करायचा. नळीत मँगनीज सल्फेटचं फिकट गुलाबी द्रावण असलं की ते चुंबकाकडे ओढलं जातं आणि बारीक नळीतली पातळी वर चढते. किती चढली ते मोजलं की त्यावरून द्रावणाची चुंबकग्राह्यता, म्हणजे ते चुंबकाला किती दाद देतं याचं माप, काढता येते. प्रयोग सोपा दिसतो, पण नळी जराशी तेलकट राहिली तरी पातळी काचेला चिकटून बसते आणि सगळी रीडिंग वाया जातात. म्हणून आदल्या दिवशी नळ्या धुऊन ठेवण्याचं काम मी कधी दुसऱ्या कोणावर सोपवलं नाही.

एका सुट्टीत प्रयोगशाळा रिकामी होती. मी नळीत नुसतं डिस्टिल्ड पाणी भरलं. फटीत साधारण एक टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र येईल एवढा करंट दिला आणि डोळा मायक्रोस्कोपला लावला. पातळी वर सरकताना दिसली. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा उलटी दिसते. नव्या मुलांचा इथे हमखास गोंधळ व्हायचा. डोळ्याला वर दिसतंय म्हणजे प्रत्यक्षात पाणी खाली गेलं होतं. करंट बंद केला, पाणी पुन्हा जागेवर आलं. पुन्हा सुरू केला, पुन्हा खाली. त्या मायक्रोस्कोपवर मिलिमीटरचा शंभरावा भाग वाचता येतो. माझं रीडिंग छत्तीस भाग आलं, म्हणजे ०.३६ मिलिमीटर. पाण्याच्या ज्ञात चुंबकग्राह्यतेवरून गणित केलं तर एक टेस्लाला जवळपास एवढंच उत्तर येतं. मग मी करंटची दिशा उलटी केली. उत्तर ध्रुव होता तिथे दक्षिण ध्रुव आला. पाणी तेवढंच खाली गेलं.

ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या लेखात उत्तर ध्रुवावर ठेवलेलं पाणी थंड आणि दक्षिण ध्रुवावर ठेवलेलं उष्ण, एक सुजेवर आणि दुसरं अशक्तपणावर, असं लिहिलं होतं. पाण्यावर होणारा हा परिणाम क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. वर्ग करताना उणे चिन्ह उरत नाही, म्हणून ध्रुव कुठलाही असो, पाणी चुंबकापासून सारखंच दूर ढकललं जातं.

होय, दूर ढकललं जातं. पाणी चुंबकाकडे ओढलं जातं असा अनेकांचा समज असतो. पाण्याच्या रेणूत दहा इलेक्ट्रॉन असतात आणि ते सगळे पाच जोड्यांत बांधलेले असतात. जोडीतल्या दोघांचं चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकतं, त्यामुळे रेणूला इलेक्ट्रॉनांकडून मिळालेलं स्वतःचं असं चुंबकत्व राहत नाही. बाहेरून चुंबक जवळ आणला की इलेक्ट्रॉनांच्या फिरण्यात बारीकसा फरक पडतो आणि त्यातून बाहेरच्या क्षेत्राला विरोध करणारं अगदी दुबळं क्षेत्र तयार होतं. याला प्रतिचुंबकत्व म्हणतात. पाण्याच्या बाबतीत त्याचं माप उणे नऊ भागिले दहा लाख एवढं आहे. ऑक्सिजनच्या रेणूत मात्र दोन इलेक्ट्रॉन एकेकटे असतात, म्हणून द्रवरूप ऑक्सिजन मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच लोंबकळत राहतो. पाण्यात ऑक्सिजनचा अणू असला तरी तो हायड्रोजनशी बांधला गेल्यावर त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीत येतात.

लेखातलं "पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात म्हणून तो चुंबकाच्या दिशेने रांगेत उभा राहतो" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, कारण ते ऐकायला अगदी खरं वाटतं. दोन टोकं आहेत, पण ती विद्युतभाराची आहेत, चुंबकाची नाहीत. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि नळाच्या दोरीसारख्या बारीक धारेजवळ न्या, धार ठळकपणे वाकते. त्याच धारेजवळ चुंबक धरा, नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. मुलांना मी हे दोन्ही एकापाठोपाठ करायला लावायची. नंतर वर्षभर कोणी गोंधळ करत नसे.

चुंबकाचा पाण्यावरचा परिणाम क्षुल्लक आहे म्हणून सोडून द्यावा, असं मात्र मी म्हणत नाही. उलट तो मला फार आवडतो. १८४५ साली मायकेल फॅरडेने जड काचेचा तुकडा इलेक्ट्रोमॅग्नेटच्या ध्रुवांमध्ये टांगला आणि तो ध्रुवांना जोडणाऱ्या रेषेत न राहता आडवा झाला. मग त्याने हाताला येईल ते टांगून पाहिलं, लाकूड, मांस, सफरचंद, रक्त, पाणी. बहुतेक सगळं चुंबकापासून मागे सरत होतं. माणसाला पुरेशा नाजूकपणे टांगता आलं तर तोही ध्रुवांच्या रेषेला आडवाच वळेल, असं त्याने लिहून ठेवलं आहे.

माणूस अजून कोणी टांगला नाही, पण १९९१ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला बोन्यों आणि तूर्निए या शास्त्रज्ञांनी पाण्याचे थेंब आणि लाकडाचे, प्लॅस्टिकचे तुकडे चुंबकीय क्षेत्रात अधांतरी तरंगवले. पुढे नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या प्रयोगशाळेत आंद्रे गाइम यांनी एका शुक्रवारी संध्याकाळी पूर्ण ताकदीवर चाललेल्या मॅग्नेटच्या उभ्या पोकळीत सरळ पाणी ओतलं. ते खाली सांडलं नाही, आतच अडकून राहिलं. १९९७ मध्ये त्यांनी जिवंत बेडूक तरंगवला. तेव्हा क्षेत्र होतं सोळा टेस्ला. बेडकाच्या शरीरातलं पाणी आणि बाकीचे पदार्थ खालून वर ढकलले जात होते आणि तो रेटा त्याच्या वजनाएवढा झाला होता. बेडकाला काही इजा झाली नाही. याच गाइम यांना २०१० मध्ये ग्राफीनवरच्या कामासाठी कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांच्यासह नोबेल मिळालं.

आता बाटलीखालचा चुंबक घेऊ. काळ्या फेराइटच्या तबकडीच्या अगदी पृष्ठभागाशी एक दशांश टेस्ला धरला तरी तो उदारपणे धरला असं होईल. बाटलीच्या मध्यापर्यंत पोचताना तो याच्या कितीतरी खाली उतरतो. सोळा टेस्ला म्हणजे याच्या एकशे साठ पट, आणि वर्ग केला तर पंचवीस हजारांहून जास्त पट. तसलं क्षेत्र तयार करायला काही मेगावॉट वीज लागते आणि कॉइल वितळू नयेत म्हणून त्यांच्यातून सतत थंड पाणी खेळवावं लागतं.

यावर कोणी म्हणेल की ढकलणं कमी असेल, पण आतली रचना तर बदलत असेल. त्यासाठी मी एक साधं गणित करून पाहिलं. एक टेस्ला क्षेत्रात पाण्याच्या एका रेणूला या प्रतिचुंबकत्वामुळे मिळणारी ऊर्जा घ्या आणि नेहमीच्या तापमानाला त्याच रेणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा घ्या. दुसरी पहिलीच्या सुमारे चार कोटी पट भरते. शेजारच्या रेणूंशी असलेले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटी भागांपैकी मोजक्याच भागांत तुटतात आणि नव्या शेजाऱ्याशी जुळतात. एवढ्या रेटारेटीत रात्री लावलेली रांग सकाळी पेल्यापर्यंत कशी टिकेल?

हे आकडे कोरडे वाटत असतील तर माझ्या स्वतःच्या शरीराची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्याचा एमआरआय करायला सांगितलं. केसांतल्या पिना, अंगठी, चष्मा सगळं काढून मी त्या बोगद्यात पडून राहिले. यंत्र दीड टेस्लाचं होतं. आयुष्यभर मुलांसाठी चुंबकाच्या फटीत दोन मिलिमीटरची नळी ठेवली, आणि आता मीच त्या फटीत होते. तो ठोकल्यासारखा आवाज चुंबक क्षेत्रात चढउतार करणाऱ्या कॉइल झटपट चालू-बंद होतात त्याचा असतो, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी घाबरले नाही. उलट त्या वेळी आत काय चाललंय याचाच विचार करत राहिले.

इथे पाण्याचं चुंबकाशी वेगळंच नातं आहे, आणि ते इलेक्ट्रॉनांचं नसून हायड्रोजनच्या केंद्रकाचं, म्हणजे प्रोटॉनचं आहे. प्रत्येक प्रोटॉन हा एक इवलासा चुंबक असतो. दीड टेस्लामध्ये काही प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेने, काही विरुद्ध दिशेने, असे जवळपास निम्मे निम्मे वाटले जातात. दिशेने असलेल्यांची संख्या किती जास्त भरते? दहा लाखांत सुमारे पाच. पण शरीरात पाणी इतकं असतं की या पाचांचीही बेरीज मोठी होते. मग सेकंदाला सुमारे सहा कोटी चाळीस लाख कंपनांची रेडिओ लहर सोडली की हे प्रोटॉन तिला प्रतिसाद देतात, आणि लहर थांबल्यावर ते पूर्वपदावर येताना जो क्षीण संदेश पाठवतात त्यातून चित्र तयार होतं. चरबीतलं, स्नायूतलं आणि मणक्यांमधल्या चकतीतलं हायड्रोजन वेगवेगळ्या वेळात पूर्वपदावर येतं, म्हणून तर चित्रात फरक दिसतो. फेलिक्स ब्लॉक यांनी १९४६ मध्ये हा संदेश पाण्यातूनच ऐकला होता आणि त्याच सुमारास एडवर्ड पर्सेल यांनी पॅराफिनमधून. दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये या पद्धतीने जी सुरुवातीची चित्रं काढली, ती पाण्याच्या दोन बारीक नळ्यांची होती.

मला सांगायचंय ते पुढचं. पूर्वपदावर यायला किती वेळ लागतो? शुद्ध पाण्याला साधारण तीन सेकंद, शरीरातल्या बहुतेक भागांना त्याहून कमी. म्हणजे सरकती गादी बाहेर आली, मी उठून बसले, चष्मा मागितला, तोवर माझ्या शरीरातल्या पाण्याने दीड टेस्लाची सगळी आठवण पुसून टाकली होती. बाटलीखालच्या चुंबकाने पाणी "भारित" होत असतं तर एमआरआय करून आलेला प्रत्येक माणूस आतून बाहेरून भारित झाला असता, आणि मणक्यासाठी यंत्रात गेलेल्याचा मुतखडाही विरघळून आला असता. जगभर वर्षानुवर्षं असंख्य लोक या यंत्रांतून जाऊन येतात. असं काही होत असतं तर रेडिओलॉजीच्या डॉक्टरांच्या नजरेतून ते सुटलं नसतं.

रक्तात लोह असतं म्हणून चुंबक रक्त खेचतो, असंही लेखात एका ओळीत आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यातल्या लोखंडासारखं वागत नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून दूर सरतं आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. या बारीक फरकावर सेइजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास मेंदूचं काम चालू असतानाची चित्रं काढण्याची पद्धत उभी केली.

आता पाइपला लावायच्या चुंबकांविषयी, कारण इथे माझा स्वतःचा अनुभव आहे आणि थोडा रागही. आमच्या विभागात काचेचा डिस्टिलेशनचा संच होता. नळाचं पाणी कठीण, त्यामुळे आतल्या हीटरवर चुन्याचा पांढरा थर बसायचा आणि दर काही आठवड्यांनी तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने काढावा लागायचा. एका विक्रेत्याने येऊन पाइपवर बसवायची चुंबकांची जोडी दिली. पाणी मृदू होईल आणि थर बसणार नाही, असं त्याने लिहून दिलं. आम्ही विश्वास ठेवला आणि पैसे भरले.

पाणी मृदू झालं का हे बघायला रसायनशास्त्राची प्रयोगशाळा शेजारीच होती. पन्नास मिलिलिटर पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, अमोनियाचं बफर घालायचं, एरिओक्रोम ब्लॅक टीचा चिमूटभर रंग घालायचा. पाणी जांभळट लाल होतं. मग ब्युरेटमधून ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाचं, द्रावण थेंबाथेंबाने सोडत फ्लास्क हलवत राहायचं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम संपलं की एका थेंबात लाल जाऊन स्वच्छ निळा रंग येतो. तो थेंब ओळखायला हात बसावा लागतो. चुंबकाच्या आधीचं पाणी, १४.२ मिलिलिटर. चुंबकातून आलेलं पाणी, १४.२. पुन्हा केलं, १४.३. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला सुमारे २८४ मिलिग्रॅम, आधीही आणि नंतरही. हे असंच यायला हवं होतं. कॅल्शियम कुठे जाणार? ते काढायचं तर आयनविनिमय करणारं रेझिन लागतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम देतं. चुंबक काहीच धरून ठेवत नाही आणि काही देतही नाही.

थराचं काय? आठ आठवडे चुंबक लावून आणि आठ आठवडे काढून संच चालवला, दोन्ही वेळा थर खरवडून, वाळवून तोलला. माझ्या तराजूला आणि माझ्या हाताला दिसेल असा फरक आला नाही. हा एका संचाचा हिशोब आहे, तो जगाला लागू करायचा अधिकार मला नाही. या विषयावर प्रयोगशाळांतून बरंच काम झालं आहे आणि निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. काहींना वाहतं पाणी चुंबकातून गेल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक वेगळ्या घडणीचे, कॅल्साइटऐवजी सुईसारख्या ॲरागोनाइटचे, पाइपला कमी चिकटणारे मिळाले. काहींना काहीच मिळालं नाही. पाण्याचा वेग, पाण्यातलं लोह, पाइप कशाचा आहे, या सगळ्याने उत्तर बदलतं. त्यावर आणखी काम जरूर व्हावं. पण यातला सर्वांत अनुकूल निष्कर्ष धरला तरी "पाणी मृदू होतं" हे वाक्य चूकच राहतं, आणि विक्रेत्याने लिहून दिलं होतं ते हेच.

वाहत्या पाण्याशी चुंबकाचं खरं नातं पाहायचं तर विद्युतचुंबकीय फ्लोमीटर पाहावा. कठीण पाणी, सांडपाणी, गाळाचं पाणी, कशाचाही प्रवाह तो आत काहीही न घालता मोजतो. पाण्यातले धन आणि ऋण आयन क्षेत्रातून जाताना विरुद्ध बाजूंना ढकलले जातात आणि पाइपच्या दोन कडांत विद्युतदाब तयार होतो. दहा सेंटिमीटरचा पाइप, सेकंदाला दोन मीटर वेग आणि शंभरांश टेस्ला क्षेत्र असेल तर दाब दोन मिलिव्होल्ट येतो. वेग दुप्पट केला की दाब दुप्पट. डिस्टिल्ड पाण्यावर मात्र हा मीटर चालत नाही, कारण त्यात वीज वाहून नेणारे आयन जवळजवळ नसतात.

फॅरडेने हेच तत्त्व १८३२ च्या जानेवारीत लंडनच्या वॉटर्लू पुलावर तपासायचा प्रयत्न केला होता. थेम्समध्ये तांब्याचे पत्रे सोडून, पुलावरून लांब तार नेऊन, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या नदीत वीज निर्माण होते का हे तो तीन दिवस पाहत होता. त्याच्या उपकरणांना ती पकडता आली नाही. पत्र्यांच्याच रासायनिक क्रियांनी रीडिंग हलत राहिलं. पण त्याची कल्पना बरोबर होती. आज युरोपचे २०१३ मध्ये सोडलेले स्वार्म उपग्रह समुद्राच्या भरती-ओहोटीमुळे निर्माण होणारं चुंबकीय क्षेत्र आकाशातून मोजतात. ते असतं एक-दोन नॅनोटेस्ला (नॅनोटेस्ला म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग), आणि त्याच्या पाठीमागे पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र असतं पंचवीस हजार ते पासष्ट हजार नॅनोटेस्लाचं. एवढ्या मोठ्या आवाजातून ती कुजबुज वेगळी काढता येते, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं. पाणी आणि चुंबक यांच्या इतक्या सुंदर खऱ्या गोष्टी असताना पुरवणीचं अर्धं पान दुसऱ्याच गोष्टींना जावं याचं म्हणूनच वाईट वाटलं.

आता पुन्हा बहिणीकडे येते. तिला मी विचारलं, "आधी ते दिवसाला किती पाणी प्यायचे?" म्हणाली, "कुठे प्यायचे? डॉक्टर सांगून थकले. लिटरभर, फार तर." "आणि आता?" "आता चुंबकाच्या तीन बाटल्या संपवतात, औषध म्हणून." मुतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्या हेच तर डॉक्टर सांगतात, आणि त्याने खडे पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं हे पक्कं ठाऊक आहे. मेहुण्यांना बरं वाटतंय ते खरं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. पण त्या घरात बिनचुंबकाच्या तीन बाटल्या कोणी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

फोनवर मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकाच वेळी एकाच भांड्यातलं पाणी भरा. एकीला चुंबक लावा, दुसरीला त्याच आकाराचा, त्याच वजनाचा, चुंबक नसलेला तुकडा लावा. रात्रभर दोन्ही शेजारी ठेवू नका, हात-दोन हात अंतर राहू द्या. सकाळी तुकडे काढून तिसऱ्या कोणीतरी बाटल्यांना खुणा कराव्यात, आणि त्या खुणांचा अर्थ देणाऱ्यालाही ठाऊक नसावा आणि पिणाऱ्यालाही. रात्रभर ठेवलेल्या पाण्याचं तापमान बदलतं, त्यात विरघळलेला वायू कमी-जास्त होतो, त्यामुळे चवही बदलते, आणि हे सगळं चुंबकाशिवायही होतं. दुसरी बाटली नसेल तर ते सगळं चुंबकाच्या खात्यावर जमा होतं.

ज्यांना चुंबकाचा पाण्यावरचा परिणाम घरी पाहायचा आहे त्यांच्यासाठी एक. ताटलीत पाणी घ्या आणि खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब त्यात स्पष्ट दिसेल असं बसा. निओडिमियमचा मजबूत चुंबक काठीच्या टोकाला घट्ट बांधून पाण्याच्या पृष्ठभागाच्या एक-दोन मिलिमीटर वर आणा, पाण्याला टेकवू नका. पाणी स्थिर होऊ द्या आणि चुंबकाच्या कडेजवळच्या गजांकडे बघा. सरळ रेषा तिथे वाकलेली दिसेल. पाण्यात केसाच्या जाडीएवढाही नसेल असा खळगा पडलेला असतो आणि प्रतिबिंब तो दाखवून देतं. चुंबक दूर नेला की रेषा सरळ होते. मात्र हे चुंबक लहान मुलांच्या हाती पडू देऊ नका. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाऊन तिला भोक पडू शकतं, आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. पेसमेकर असलेल्या माणसाच्या छातीजवळही ते नेऊ नयेत. लेखासोबतच्या छायाचित्रात बाटलीशेजारी सुटे चुंबक आणि मागे खेळणारं मूल आहे. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे. लेखात मुतखड्याविषयी आणि रक्तदाबाविषयी जी दोन वाक्यं आहेत, त्यांच्याखाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नये, असा खुलासा येत्या रविवारी त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. माझ्या बहिणीने निदान फोन करून विचारलं. आपल्या वाचकांपैकी सगळ्यांकडे असं विचारायला कोणी असेलच असं नाही. आणि लेखकांना माझ्याकडून विचारावं की दुसरी बाटली ठेवली होती का, ठेवली असेल तर तिचे आकडे कुठे आहेत. ते त्यांनी पाठवले तर मी ते मन लावून वाचेन आणि चुकले असेन तर याच सदरात तसं लिहून कळवेन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक